हवा येत होती

भूत, करणी, बाहेरची बाधा... यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. उमेदीची सगळी वर्षं मी पाणबुड्याचं काम केलंय. बुडालेल्या पडावांच्या पोटात शिरलो, विहिरींतून माणसं काढली, काळोख्या पाण्यात चाचपडताना मेलेल्या माणसाचा हात हातात आला... पण कुणी माझा पाय ओढला नाही की कुणी हाक मारली नाही. पाण्याखाली जे वाईट घडतं त्याला कारण असतं. दाब, हवा, दोरी, नाहीतर माणसाची घाई. नव्या पोरांना मी हेच शिकवत आलो.

मग इथं कशाला लिहितोय? तर मागच्या महिन्यात या ग्रुपवर कुणीतरी येरमाळ्याकडच्या एका तलावाची गोष्ट टाकली होती. माझ्या नातीनं ती मला वाचून दाखवली. एक पाणबुड्या तळाशी अडकला, वर सगळी पळून गेली, आणि देवीनं त्याला हातावर झेलून वर आणला, अशी ती गोष्ट. खाली एकानं लिहिलं होतं, देवीनं नव्हे, तिथल्या पीरानं. त्यावर दोघांची बरीच जुंपली होती.

तो पाणबुड्या मी आहे. मला कुणी हातावर झेलून आणलं नाही, मी माझ्या पायांनी शिडी चढून वर आलो. पण त्या दिवशी तिथं एक माणूस गेला, आणि त्याचं नावसुद्धा त्या गोष्टीत नव्हतं. ते मला सोसलं नाही. म्हणून नातीला म्हटलं, बाई, मी सांगतो तसं टाइप कर.

मी मूळचा कळंब तालुक्यातला, मांजरेकाठच्या भोयाचा पोरगा. नाव सोपान. मिसरूड फुटायच्या आत मुंबई गाठली आणि गोदीत पाणबुड्यांच्या हाताखाली लागलो. तिथं रत्नागिरीकडचे एक म्हातारे उस्ताद होते, त्यांनी मला घडवला. त्या काळचा आमचा पोशाख म्हणजे अंगभर जाड रबरी कापड, पायात शिशाचे बूट, छातीवर शिशाचीच वजनं आणि डोक्यावर काचेच्या खिडक्या असलेला तांब्याचा टोप. टोपाला मागून एक रबरी नळी. तिचं दुसरं टोक वर हवेच्या पंपाला. त्या पंपाला दोन बाजूंना दोन मोठी चाकं, आणि दोन माणसं ती हातानं फिरवत राहायची. चाक फिरतंय तोवर खालचा माणूस जिवंत.

उस्तादांनी मला दोन गोष्टी पहिल्या महिन्यातच सांगून ठेवल्या होत्या. पहिली झिंगेची. खोल गेलं की दाबानं साधी हवाच दारूसारखी चढते. त्यात वरचा पंप कमी पडला, टोपात आपलाच सोडलेला शिळा श्वास साचला, तर झिंग दुप्पट. उस्ताद म्हणायचे, "खाली भीती वाटली तर वाटू दे. भ्यालेला माणूस शुद्धीवर असतो. पण खूश झालास की हातातलं काम टाकायचं आणि वर यायचं." त्याची परीक्षा कशी घ्यायची तेही त्यांनी शिकवलं होतं. तळाला पोचलं की आपल्या गावाच्या वाटेवरची गावं क्रमानं म्हणायची. एखादं गाव चुकलं तर चढायला लागायचं.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. लोकांना वाटतं ऑक्सिजन म्हणजे जीव. जमिनीवर खरंच आहे. पण खोल पाण्यात, दाबाखाली, नुसता ऑक्सिजन विषासारखा वागतो. गोदीत एका उतावळ्यानं वेल्डिंगच्या सिलिंडरवर उतरून बघितलं होतं. आधी ओठ फडफडले, मग डोळ्यांपुढं अंधारी, मग आकडी. त्याला वर काढला तेव्हा मीही दोरीला होतो. जीव गेलेलाच होता.

हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढं याचा संबंध येणार आहे.

तर... महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. आत्ताच्या धाराशिवला तेव्हा उस्मानाबादच म्हणायचे. येरमाळा आणि वाशीच्या मधे, बालाघाटाच्या एका अरुंद खोरीत, निजामाच्या अमलातला जुना दगडी बांध आहे. तलाव दिसायला लहान, पण दरीतला, म्हणून बांधाच्या पोटाशी पाणी ऐंशी फुटांच्या आसपास. तळातून पाणी सोडायच्या मोरीचा लोखंडी दरवाजा अडकून बसला होता. खालच्या गावांचा गहू पाण्यावाचून सुकायला लागला होता आणि दरवाजा वरून काही केल्या हलेना. मी त्याच मुलखातला म्हणून गोदीतून मला पाठवलं. पंप आणि पोशाख ट्रकनं आले.

कामावर जोशी नावाचे ओव्हरसिअर होते, तुळजापूरचे. तरुण, काळजीनं वागणारा माणूस. इशाऱ्याची दोरी धरायला भानुदास नावाचा गडी. आणि पंपावर हुसेनमामा.

हुसेनमामा वाशीचे. पन्नाशीचे असतील, उंच, हडकुळे, मेंदी लावलेली दाढी. आधी जिनिंगमधे इंजिनवर होते, त्यामुळं यंत्राची त्यांना भीती नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी पंपाभोवती एक चक्कर मारली, चाक अर्धं फिरवून सोडून बघितलं. सोडलं की चाक लगेच थांबायचं, उलट जरा मागंच यायचं. मग मला विचारलं, "खाली किती वेळ ऱ्हातो तू?"

"काम होईस्तोवर."

"आन काम न्हाय झालं तर?"

"तरी वर यावंच लागतं, मामा."

"मंग ठीक हाय. तू येशील तवर चाक माझं."

पंपावर त्यांच्या जोडीला कुणीतरी मजूर असायचा, तो पाळीनं बदलायचा. मामा बदलत नसत. मी वर येऊन टोप काढेपर्यंत ते दांड्यावरचा हात काढत नसत, बिडीसुद्धा नंतर. नळीतून येणारी हवा टोपात ठोक्याठोक्यानं येते. कानामागं फुस्स... फुस्स... असं. चार दिवसांत मला मामांचा ठोका ओळखू यायला लागला. एकसारखा, जराही घाई नाही.

दुपारी भाकरी खाताना मी त्यांना झिंगेबद्दल सांगितलं. ते हसले. "खुशी वाईट कशी रं? म्या दिसभर चाक फिरवतो, मला तर कधी चढत न्हाय."

"वर नाही चढत, मामा. खाली चढते. आणि चढली की माणूस वर यायचंच विसरतो."

त्यावर ते गंभीर झाले. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "मंग मला कसं कळायचं, तू खुश झाला म्हून?"

मी सांगितलं, दोरीला चार झटके म्हणजे वर ये. मीही चार झटके दिले तर मी शुद्धीवर आहे आणि निघालोय. एकच झटका म्हणजे सगळं ठीक, काम चालू. "चार दिल्यावर मी एकच दिला, तर समजा माझं डोकं फिरलंय. मग सगळ्यांनी मिळून ओढून काढायचं."

"सगळ्यांनी?"

"एकट्याला जमत नाही. वजन किती असतं बघा की."

मामांनी मान हलवली आणि भाकरी खाल्ली.

ज्या दिवशी हे घडलं, त्या दिवशी सकाळी थंडी चांगलीच होती. दरवाज्याच्या तोंडाशी एक झाडाचं खोड येऊन रुतलं होतं, ते मी बरंचसं मोकळं केलं होतं. आता साखळी बांधली की वरून कप्पीनं ओढायचं. मी उतरलो तेव्हा सगळं नीट होतं. बांधाच्या वरच्या अंगाला मजुरांनी डांबर उकळायला ठेवलं होतं, नव्या पाइपाच्या जोडासाठी. बांधाच्या बाहेरच्या भिंतीला, कमानीखाली, आग्या मोहोळांची रांगच लटकत होती. ती आम्ही रोज बघायचो. पण रोज वारा दरीकडून यायचा. त्या दिवशी तो फिरला आणि डांबराचा धूर भिंतीखाली गेला.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी ऐंशी फूट खाली होतो.

वर काय झालं ते मला नंतर भानुदासनं सांगितलं. आधी आवाज आला, मोटार चढावर यावी तसा. मग माश्या. मजूर डोकी झाकून पळाले, पंपावरचा मामांचा जोडीदारही पळाला. भानुदासनं दोरीला चार झटके दिले. खालून एक झटका आला. त्यानं पुन्हा चार दिले. पुन्हा एक आला. तोवर त्याच्या डोळ्यांवर, कानांत माश्या बसल्या होत्या. त्यानं दोरी कठड्याला बांधली आणि ओरडला, "मामा, चला, मरताल हितं."

मामा दोन्ही हातांनी एकटे चाक फिरवत होते. त्यांच्या दाढीत, मानेवर माश्या. ते म्हणाले, "तो खाली हाय. चाक सोडलं तर हवा तुटंल. तू जा, घोंगड्या घेऊन ये."

भानुदास पळाला. त्याला मी कधी दोष दिला नाही. कुणीही पळालं असतं.

आता माझं सांगतो, आणि हे सांगायला मला सगळ्यात जड जातं.

खाली मला ते झटके कळले होते. चारही कळले. एकट्या माणसाच्या जोरावर एवढ्या खोल हवा पुरत नाही, त्यामुळं टोपात शिळी हवा साचत गेली असणार आणि झिंग भराभर चढली असणार... हे आता म्हणतो. तेव्हा मला एवढंच कळत होतं की मला फार छान वाटतंय. अंगातलं सगळं ओझं उतरल्यासारखं. हातातलं चिखलानं माखलेलं खोड मला लहान वासरासारखं वाटत होतं, मी त्याला थोपटत होतो. गावं म्हणायला घेतली. कळंब झालं, येरमाळा झालं, त्यापुढं परत येरमाळाच आलं आणि मला त्याचं हसू फुटलं. टोपात माझं हसणं मलाच मोठ्यानं ऐकू येत होतं. वरून चार झटके आले तेव्हा वाटलं, कुणीतरी लाडानं पदर ओढतंय. मी एक झटका दिला. पुन्हा चार आले, पुन्हा एक दिला. गंमत म्हणून दिला.

लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळली. पण इतका सुखी मी आयुष्यात परत कधी झालो नाही. आणि नेमका त्याच वेळी वर हुसेनमामा मरत होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. हवेचा ठोका हळू होत गेला होता. फुस्स... मग बराच वेळ काही नाही... मग फुस्स. मला झोप येत होती. खोडावर डोकं टेकवून पडावं असं वाटलं आणि मी टेकलोसुद्धा.

तेवढ्यात हवा आली.

कशी सांगू... आजवर त्या पंपातनं तशी हवा मला कधी मिळाली नव्हती. दोन ताज्या दमाची माणसं चाकाला लागावीत तशी. ठोका एकसारखा, भरपूर, न थांबता. टोपातली शिळी हवा झडपेतून भसाभस बाहेर गेली, थंड हवा तोंडावर आली आणि माझी झिंग उतरायला लागली. हसू थांबलं. मग भीती वाटली. भीती वाटली तसा मला आनंद झाला, कारण भीती म्हणजे शुद्ध. मी झटकन दोरीला चार झटके दिले. वरून उत्तर नाही. परत दिले. नाही.

वाटलं, भानुदास कुठं गेला? पण हवा छान येत होती, म्हणजे पंपावर मामा आहेत, म्हणजे वर सगळं ठीक आहे. असाच विचार मी केला. उतरायच्या दोरीला धरून मी वर सरकायला लागलो. खोलवरून एकदम वर येऊ नये, वाटेत थांबावं असा आमचा नियम. तसा मी पृष्ठभागाच्या जरा खाली, दोरीला धरून थांबलोसुद्धा. नीट, शिस्तीत. सबंध वेळ कानामागं तो ठोका चालू होता.

मग शिडीवर पाय ठेवला आणि चढलो. टोप पाण्याबाहेर आला, काचेवरनं पाणी ओघळलं, आणि हवा थांबली. एका ठोक्यानंतर दुसरा ठोका आलाच नाही.

काचेवर माश्या बसल्या. त्यांच्यातून मला पंप दिसला. दोन्ही चाकं थांबलेली होती. पंपाजवळ कुणीही उभं नव्हतं. चाकाच्या पायथ्याशी हुसेनमामा पालथे पडले होते, पाय एका बाजूला पसरलेले.

तोंडापुढची काच मी स्वतःच फिरवून काढली. माश्यांनी तोंड फोडून काढलं, डोळे मिटले, पण पोशाखामुळं बाकी अंग वाचलं. शिशाचे बूट ओढत मी मामांपर्यंत गेलो. त्यांना उताणं केलं. तोंड ओळखू येत नव्हतं, हात गार पडला होता. मी उठायला आधार म्हणून पंपाच्या पितळी नळकांड्याला धरलं, तर तळहात पोळला. हवा दाबली जाते तेव्हा ते तापतं. जोरात, बराच वेळ चालवलं तरच एवढं तापतं.

तोवर जोशीसाहेब आणि भानुदास घोंगड्या पांघरून, ओल्या पाचटाचा धूर करत आले. साहेबांचंही तोंड सुजून आलं होतं. त्याआधी दोनदा ते यायला निघाले होते आणि दोन्ही वेळा माश्यांनी त्यांना परत लावलं होतं. माझ्याकडं बघून ते खालीच बसले.

मग म्हणाले, "सोपानराव, तुम्ही जिवंत कसे?"

मी म्हटलं, "मामा गेले, साहेब."

"ते केव्हाच गेले," साहेब म्हणाले. "आम्ही पळालो, त्यानंतर थोड्याच वेळात पडले. मी चौकीच्या खिडकीतून बघत होतो."

तलावाच्या रखवालदाराची ती चौकी पलीकडच्या उतारावर होती. तिथून पंप दिसत नाही, मधे बांधाचा एक खांब येतो. पण खांबाच्या बाजूनं मामांचे पाय दिसत होते. ते पडल्यापासून हलले नव्हते. आणि तलावाचं पाणी दिसत होतं. साहेब म्हणाले, "तुमचे बुडबुडे मधे अगदी कमी झाले. मला वाटलं, संपलं. मग एकदम जोरात यायला लागले. पाणी उकळावं तसे. मी भानुदासला दाखवले. पंपावर कोण आहे, म्हटलं. तो म्हणाला, कुणी न्हाय साहेब, सगळी हितंच हायेत."

सगळी माणसं मोजली होती त्यांनी. सगळी चौकीत होती.

आता तुमच्यातले हुशार लोक कारणं सांगतील. सांगा, मलाही तेच हवंय. मी सगळी तपासून बघितली आहेत. पहिलं कारण, पोशाखात साठलेली हवा. ती असते, खरं आहे. नंतर गोदीत मी मुद्दाम उथळ पाण्यात उतरून पंप थांबवून बघितला. जरा वेळ निभावतं, पण हवा लगेच कोंदट होते, डोकं दुखायला लागतं. तिनं झिंग उतरत नाही, वाढते. आणि साठलेल्या हवेला ठोका नसतो. दुसरं, चाक आपोआप फिरत राहिलं असेल. ते फिरत नाही. मामांनी पहिल्याच दिवशी सोडून बघितलं होतं, आणि खालून दाब असला की ते मागं येतं.

जोशीसाहेबांना तिसरी शंका आली होती. दरवाज्याच्या जुन्या साखळीचं गंजलेलं कडं कापायला गॅसकटिंगचा सरंजाम तिथंच होता. साहेब मला म्हणाले, "कुणी घाबरून ऑक्सिजनचं सिलिंडर तुमच्या नळीला जोडलं असेल का?" आम्ही जाऊन बघितलं. सिलिंडर जागेवर, टोपण लागलेलं. आणि जोडलं असतं, तर त्या खोलीवर नुसत्या ऑक्सिजननं मला आकडी आली असती, वर येणं तर लांबच. साहेबांनी तो विचार सोडून दिला.

चौथं कारण मी स्वतःच काढलं. मी झिंगेत होतो, मला भास झाला. ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मी हेच म्हटलं असतं. पण चौकीतली माणसं झिंगेत नव्हती. आणि माझ्या तळहाताला फोड आला होता.

कळंबच्या दवाखान्यातून बाहेर पडल्यावर वाशीला जायचं मी बरेच दिवस टाळलं. चेहऱ्याची सूज उतरू दे, असं स्वतःला सांगत राहिलो. शेवटी गेलो. मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं घर. मामी अंगणात बसून ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं.

"बस बेटा. उन्हातून आलास."

त्यांनी लेकीला चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं होतं, रडतील, बोल लावतील. तसं काही झालं नाही. ते मला जास्त जड गेलं. मी आपण होऊन बोललो. "मामी, मला वर बोलावत होते ते मला कळलं होतं. मी आलो नाही. मी खाली हसत बसलो होतो."

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "घरी येऊन सांगायचे न्हवं. पोराला खाली खुशी चढती, मला लई भ्याव वाटतं, म्हनायचे. त्यात तुजा काय गुन्हा?"

"मी लवकर आलो असतो तर ते पळू शकले असते."

सूप हलत राहिलं. मग त्यांनी विचारलं, "एक सांग. तू पान्याभाईर येईस्तोवर हवा येत व्हती न्हवं?"

"येत होती."

"तुटली न्हाय?"

"मधे कमी झाली होती. तुटली नाही. शेवटी तर फार चांगली आली."

मामींचा हात थांबला. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "मंग त्यांनी चाक सोडलं न्हाय." आणि परत पाखडायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. खरंच होतं. माझ्या बोलण्यानं त्यांना आधार मिळाला होता आणि मला तिथं बसवत नव्हतं.

त्यानंतर मी वाशीला जात राहिलो. ईदला, लेकीच्या लग्नाला. मामी असेपर्यंत त्यांनी दर वेळी मला जेवायला वाढलं. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही. काम मी चालू ठेवलं, पण जरा बरं वाटायला लागलं की वर यायचो. लोक म्हणायचे, सोपान भित्रा झाला. पंपावरच्या माणसाचं नाव मी उतरायच्या आधी विचारून घ्यायचो, आणि पंप माणसानं चालवायचे दिवस संपले तेव्हा मला बरं वाटलं.

तुम्ही विचाराल, मग तुम्हाला काय वाटतं, पंप कुणी चालवला? देवीनं, पीरानं, की आणखी कुणी? मला माहीत नाही. साठ वर्षं विचार करून सांगतो, मला माहीत नाही. पण मामींना जे वाटलं त्यानं मला झोप लागत नाही. कारण ते खरं असेल, तर तो माणूस अंगभर नांग्या घेऊन मेला आणि मेल्यावरसुद्धा त्याला सुटका नव्हती. मी खाली होतो म्हणून. मी सावकाश, नियमानं, वाटेत थांबत वर येत होतो, आणि तो तिथं... नको.

म्हणून तुमच्यात कुणी इंजिनिअर असेल, डॉक्टर असेल, पाण्यातलं काम जाणणारा असेल, तर त्यानं मला एखादं साधं कारण सांगावं. मी वाद घालणार नाही. त्या दिवशी ते चाक हुसेनमामांनी फिरवलं नाही, एवढं फक्त कुणीतरी मला पटवून द्या.